तिकीट आलं, माणूस न्हाय

मनामा, बहरीन
१२ ऑक्टोबर १९७७

सुगरा,

खुशाली आधी. मी बरा आहे, खोकला गेला, पोट थोडं सुटलंय. तुझं एकही पत्र नाही, तेव्हा मीही गप्पच बसणार होतो. पण गप्प बसायलासुद्धा समोर माणूस लागतं. इथं समोर भिंत आहे. तिच्याशी किती दिवस अबोला धरायचा, म्हणून शेवटी कागद घेतला.

पत्र गौसच्या नावानं हातकणंगल्याला टाकतोय. गौस, हे तुझ्या बहिणीचं आहे. वाचल्याशिवाय तू राहणार नाहीस ते मला माहीत आहे, निदान नीट चिकटवून दे.

एप्रिलात तुला माहेरी सोडून निघालो तेव्हा तू विचारलंस, तिथं नक्की करणार काय. तेव्हा मला तरी कुठं ठाऊक होतं. आता सांगतो. समुद्राकाठचं मोठं हॉटेल आहे. खाली जेवणाचा हॉल, त्यात एका बाजूला आमचा ओटा. आम्ही सहा जण वाजवतो. बँडमास्तर मेनिनो, गोव्याचा. कोल्हापुरात स्टुडिओत रेकॉर्डिंगला आला होता, तिथं त्यानं माझी क्लॅरिनेट ऐकली आणि मला इथं ओढलं. तू त्याला पाहिलेलं नाहीस, पण शिव्या पुष्कळ दिल्यास. माणूस वाईट नाही.

पहिल्या दिवशी काय झालं ऐक. मेनिनो म्हणाला, बसून वाजवायचं. आता मी कळायला लागल्यापासून उचगावात अब्बांच्या बँडमध्ये वाजवलं, तेही चालत. मागं नवरदेवाचं घोडं, पुढं आम्ही. बसून वाजवायची सवयच नाही. पहिलं गाणं कसंबसं काढलं. दुसऱ्या गाण्यात सूर चढला आणि माझे पाय आपोआप उठले. मी ओट्यावरून उतरून थेट टेबलांमधून निघालो, वरात निघाल्यासारखा. मेनिनो मागून कोट ओढतोय, मला पत्ताच नाही. पार दारापर्यंत गेलो तेव्हा लक्षात आलं की मागं घोडंही नाही आणि नवरदेवही नाही. लोक हसले, पण टाळ्याही वाजवल्या. मॅनेजर इंग्रज आहे. त्याला ते इतकं आवडलं की आता रोज एक गाणं मी टेबलांमधून फिरत वाजवायचं, असा हुकूमच आहे. मला वेगळा पोशाख शिवून दिलाय. म्हणजे बघ, आल्या आल्या वर चढलो.

इथं फॅशनचे कार्यक्रम होतात. पुढच्या हंगामात दुकानात जे कपडे येणार, ते आधीच बाया घालून दाखवतात. हॉलच्या मधोमध लांब फळ्या टाकतात. लंडनहून, बैरूतहून उंच उंच पोरी येतात. फळ्यांवरून चालत यायचं, कमरेवर हात ठेवायचा, वळायचं, परत जायचं. बोलत नाहीत, हसत नाहीत, घरात भांडून आल्यासारखं तोंड. बँकेतल्या आणि तेल कंपनीतल्या साहेबांच्या बायका खुर्च्यांवर बसून बघतात. त्या दिवशी एकीनं अंगात गुडघ्यापर्यंत केसाळ कातड्याचा कोट घातला होता. बाहेर ऊन असं की डांबर मऊ झालेलं. मी मेनिनोला विचारलं, हा कोट इथं कोण घालणार. तो म्हणाला, तू वाजव. त्यांच्या पावलांकडे बघून वाजवायचं असतं. आपल्याकडं बँड चालतो आणि माणसं मागून येतात, इथं माणसं चालतात आणि बँड मागून जातो, एवढाच फरक.

जेवणाचं तर विचारू नकोस. काचेच्या मोठ्या पेटीत जिवंत मासे सोडलेत. पाहुण्यानं बोट दाखवायचं, तो मासा काढून शिजवून आणतात. पाहुणे जेवतात तेच आम्हीही जेवतो. तुझ्या हातचं तिखट तेवढं नाही.

मी तुला इथं आणणार आहे. संध्याकाळी समुद्राकाठानं फिरू, दिव्यांची रांग बघू, मग हॉलमध्ये खिडकीजवळ बसून जेवू. तू फक्त हो म्हण.

तुझा
इलाही


मनामा
१८ डिसेंबर १९७७

सुगरा,

तुझं हो आलेलं नाही, पण नाहीही आलेलं नाही. त्याचा अर्थ मी माझ्या सोयीनं लावला. मुंबई ते बहरीन विमानाचं तिकीट तुझ्या नावानं काढून रजिस्टरनं पाठवलंय. फेब्रुवारीपर्यंत चालेल. गौस तुला मुंबईत विमानात बसवून देईल, इकडं मी उतरवून घेईन. विमानात भीती वाटत नाही. कानात दडे बसतात, तेव्हा जांभई द्यायची.

सध्या मोहरम आहे म्हणून हॉटेलात गाणं बंद. रिकामाच आहे. काल गावातल्या गल्लीत जाऊन उभा राहिलो. सगळे काळ्या कपड्यांत, रांगेनं चाललेले, एका तालात छातीवर हात पडतोय. मला आपल्याकडचे मोहरमचे पंजे आठवले. पुढं हलगी, आपला ढोलवाला केरबा दरवर्षीप्रमाणं फकीर झालेला, अंगात हिरवा सदरा, अन् त्याची आई त्याच्या पायांवर पाणी घालतेय. शेजारच्या माणसाला मी सांगायला गेलो की आमच्या गावात हिंदूसुद्धा फकीर होतात. त्याला माझी भाषा कळली नाही. मला वाटतं त्यानं मला रस्ता चुकलेला समजून हॉटेलाकडं बोट दाखवलं.

नवीन वर्षाच्या वेळी मोठा फॅशनचा कार्यक्रम आहे. या वेळी मुंबईचं एक दुकान साड्या दाखवणार आहे. तू तोवर आलीस तर फार बरं. या गोऱ्या पोरींना साडी नेसवलेली बघून तू हसून लोळशील.

मी हॉलमधल्या वेटरला सांगून ठेवलंय, खिडकीजवळचं टेबल आपल्याला हवं. तो म्हणाला, बायको येणार तेव्हा सांग, फुलं ठेवतो.

अब्बांचं काही कळलं तर लिही. मला ते लिहीत नाहीत. त्यांना लिहिता येत नाही हे खरं, पण केरबाला येतं की. सांगितलं नसणार. मी निघालो तेव्हा एवढंच म्हणाले होते, ‘हाटेलात वाजवनार? तोंडात घास असला की कानाला गाणं लागत न्हाय.’ नंतर खोलीत गेले आणि मी बस पकडेपर्यंत बाहेर आले नाहीत.

इलाही


मनामा
२० जानेवारी १९७८

सुगराबाई,

गौसच्या पाकिटात तिकीट परत मिळालं. सोबत चिठ्ठी. तू सांगितलंस आणि त्यानं उतरवून घेतलं असं दिसतं, कारण गौसला एवढं बोलता येत नाही. ‘तिकीट आलं, माणूस न्हाय. मी काय पार्सल हाय व्हय, पत्ता चिकटवून धाडाय? माहेरी आणून सोडलंय त्येनी, न्यायला बी सासरचं माणूस यायला पायजे. आजपतूर आमच्यात कुनी पोरगी एकटी उठून सासरला गेली न्हाय. गेली तर लोक म्हंतील, नवऱ्याला नको झाल्ती, हीच पळत गेली.’

वर आणखी एक. तिकिटासोबत मी माझा वाजवतानाचा फोटो पाठवला होता, त्याबद्दल. ‘तुमी कुनाच्या लग्नात वाजवताय? नवरा नवरी कुठं दिसत न्हाईत.’

वाचून माझं डोकं फिरलं, खोटं कशाला बोलू. मधे समुद्र आहे, सुगरा. हे हातकणंगले ते उचगाव नाही की पॅसेंजरनं आलो, चहा घेतला, तुझी ट्रंक उचलली आणि निघालो. इथल्या बायका एकट्या विमानानं येतात आणि जातात. मेनिनोची बायको आली, दोन पोरं कडेवर घेऊन. तिचं कुणी नाक कापलं नाही. मी दिवसभर सरावाला, संध्याकाळी हॉलमध्ये. मी तिथं येऊन तुझ्या ओसरीवर बसलो नाही एवढ्यासाठी तू तिकीट फिरवतेस.

मी आता लिहिणार नाही.

इ. कु. मुल्ला


मनामा
९ मार्च १९७८

सुगरा,

लिहिणार नव्हतो. पण केरबाचं पत्र आलं आणि ते वाचून हसू आवरेना. हसायला सोबत कुणी नव्हतं, म्हणून तुला लिहितोय.

तुला आता कळलंच आहे, मीच त्याला तुला न्यायला पाठवलं होतं. मला वाटलं, केरबा लहानपणापासून आमच्या घरात जेवला, अब्बांच्या बँडमध्ये ढोल वाजवतो, तो घरचाच की. त्याला तेच तिकीट धाडून कळवलं, जा, माझ्या वतीनं तिला आण, मुंबईला विमानात बसव. तर हा शहाणा बँडचा लाल कोट घालून गेला, सोनेरी दोऱ्यांचा. म्हणतो, ‘दुसरा धड कोटच न्हाय, अन् न्यायला जायाचं म्हंजे मानानं जायला पायजे.’ स्टेशनापासून तुमच्या दारापर्यंत पोरं मागं लागली, कुणाचं लगीन हाय म्हणून विचारत.

पुढचं त्यानं जसंच्या तसं लिहिलंय. तू त्याला बसायला घातलंस, मटण केलंस, पांढरा रस्सा दोनदा वाढलास आणि मग म्हणालीस, ‘केरबा, जेवलास न्हवं? आता ऐक. तू त्येंचा दोस्त म्हणून आलाईस. दोस्तासंगं जायला मी काय जत्रंला निघालेय? त्येनी यावं, न्हाईतर त्येंच्या बानं यावं. तिसरं कोन चालत न्हाय.’ केरबा लिहितो, ‘वैनींचं बोलनं मला पटलं. रस्सा बी पटला. मी परत आलो.’

असला वकील मी पाठवला.

खरं सांगू, तुझ्या म्हणण्यावर मी पुष्कळ विचार केला. आता राग नाही. तुझी आई तुझ्या आत्याला सांगायची ते मी स्वतः ऐकलंय, न्यायला कोण आलं यावरून पोरीची सासरी किंमत ठरते म्हणून. तू तुझी किंमत कमी करून घेत नाहीस, यात तुझं काय चुकलं. मी मॅनेजरकडं रजा मागणार आहे. आठ-दहा दिवस मिळाले तरी येऊन तुला घेऊन जाईन. मी स्वतः येतो. कोट घालून.

तोवर माझी एक गोष्ट ऐकून ठेव. साड्यांचा कार्यक्रम झाला. गोऱ्या पोरी साडीत अशा चालल्या जशा पोत्यात पाय घालून शर्यत लागलीय. एकीची निरी मधेच सुटली आणि ती तशीच उभी राहिली, हात वर करून. मला तुझी आठवण झाली. आपल्या लग्नात वरातीत तुझा पदर घोड्याच्या लगामात अडकला होता आणि तू सरळ लगामच हातात धरून चाललीस. मी वाजवता वाजवता थांबलो. मेनिनोनं डोळे वटारले. त्याला काय सांगणार.

इलाही


मनामा
२ मे १९७८

सुगरा,

रजा मिळाली नाही. वसंतातले कार्यक्रम एकामागून एक लागलेत आणि टेबलांमधून फिरणारा माणूस मॅनेजरला एक दिवसही सोडायचा नाही. मी म्हणालो, बायकोला आणायला जायचंय. तो म्हणाला, तिकीट पाठव. मी म्हणालो, पाठवलं होतं, ती म्हणते माणूस पाहिजे. तो पहिल्यांदा हसला, मग त्यानं मला पुन्हा विचारलं, मग म्हणाला, तुमच्या बायकांना भीती वाटते का. मी म्हणालो, नाही साहेब, मानाची गोष्ट आहे. माझं इंग्रजी तुला ठाऊक आहे. मान म्हणजे काय ते त्याला शेवटपर्यंत समजलं नाही.

पण त्यानं एक वाट दाखवली. हॉटेलच्या मागं नोकरांसाठी खोल्या आहेत. कुटुंबासाठीची मोठी खोली रिकामी झालीय. ती करार वाढवणाऱ्यालाच मिळते. माझा करार पुढच्या एप्रिलला संपतो. तीन वर्षं आणखी सही केली तर खोली माझी आणि तुझ्या राहण्याचा परवानाही ते काढून देणार. आत्ता मी सहा जणांत झोपतो. तिथं तुला कुठं ठेवणार होतो, हे मीही तिकीट काढताना पुरतं बघितलं नव्हतं.

मेनिनो म्हणाला, आधी बायको येतेय का बघ, मग सही कर. मी म्हणालो, खोली दाखवल्याशिवाय ती येणार कशी. सही केली.

आणि अब्बांना पत्र लिहिलं. तुझी अट दोनच माणसांची, त्यातला मी येऊ शकत नाही. राहिले अब्बा. सुगरा, या पत्रासारखं अवघड काही मी आयुष्यात लिहिलं नाही. ते केरबा वाचून दाखवणार, म्हणजे बँडमधल्या सगळ्यांसमोर वाचलं जाणार. त्यात काय लिहायचं. माफी मागायची तर कशाची? पोट भरायला बाहेर पडलो याची? शेवटी एवढंच लिहिलं, अब्बा, तुम्ही माझ्यावर रागावलेले असा, पण सुगराला आणायला जा. तिच्यावर तर तुमचा राग नाही.

आता सगळं अब्बांच्या हातात आहे. ते गेले तर तू येशील, हे तूच केरबाला सांगितलंयस. तुझ्या शब्दावर मी सही करून बसलोय.

इलाही


मनामा
२५ जून १९७८

सुगरा,

खोली मिळाली. खालच्या मजल्यावर आहे. दोन खाटा, एक कपाट, न्हाणी आतच. खिडकीतून समुद्र दिसत नाही, हॉटेलच्या स्वयंपाकघराची मागची बाजू दिसते. वास येतो, पण चांगला येतो. मी दोन्ही खाटा भिंतीला लावल्या, मग जवळ आणल्या, मग पुन्हा भिंतीला लावल्या. एकट्या माणसाला काही ठरवता येत नाही.

अब्बांचं उत्तर नाही. केरबाचंही नाही. उकाडा इतका की शर्ट अंगाला चिकटून बसतो. सहा जणांत होतो तेव्हा वाटायचं कधी एकदा शांतता मिळते. आता आवाज नाही म्हणून मी नळ थोडा चालू ठेवतो.

तू येणार म्हणून काही गोष्टी आधीच सांगून टाकतो. आल्यावर तुला दिसतीलच, आणि मग तू म्हणशील फसवलं. पाहुणे जेवतात तेच आम्ही जेवतो असं मी लिहिलं होतं. जेवतो, पण ते उठून गेल्यावर, आत, उभ्यानं. मासा गार झालेला असतो. हॉलमध्ये खुर्चीवर बसून मी अजून एकदाही जेवलो नाही. वेगळा पोशाख दिला असं लिहिलं होतं. तो म्हणजे तुरा लावलेला फेटा आणि जरीचं जाकीट, माकडाच्या खेळात असतं तसं. फोटोत तू तेच बघितलंस आणि बरोबर बोललीस. मी टेबलाजवळ जातो, बाईच्या कानाशी क्लॅरिनेट धरतो, ती हसते आणि काट्याला बटाटा लावते. कधी कधी मी मुद्दाम चुकीचा सूर लावतो, कुणाला कळतं का बघायला. कुणाला कळत नाही. आपल्याकडं बेसूर वाजलं तर उचगावची म्हातारी माणसं ओट्यावरून खडसावायची, ‘इलाही, झोप लागली न्हाय व्हय रात्री?’ तेव्हा राग यायचा. आता वाटतं, कुणीतरी खडसावावं.

अब्बा म्हणाले होते ते खरं निघालं. त्यांना सांगू नकोस.

फॅशनच्या पोरींचंही सांगतो. त्या हसत नाहीत म्हणून मी त्यांची टिंगल केली होती. परवा पडद्यामागं गेलो तर त्यातली एक बर्फाच्या बादलीत पाय घालून बसली होती. बूट तिच्या मापाचे नव्हते. सगळ्यांचे बूट दुकानाच्या मापाचे असतात म्हणे. माझा फेटा बघून तिनं काहीतरी विचारलं. मी म्हणालो, कोल्हापूर. ती म्हणाली, तिचं गाव खूप थंडीचं आहे. एवढंच, पण या शहरात माझ्याशी कुणी गावाबद्दल बोललं ते पहिल्यांदा.

असं सगळं आहे. तरी तू ये. हे वाचून येऊ नको असं वाटलं तरी ये. दोघं असलो तर गार मासासुद्धा खाता येईल.

इलाही


मनामा
६ सप्टेंबर १९७८

सुगरा,

तुझ्या हातचं पहिलं पत्र ईदच्या दिवशीच मिळालं. नमाज पढून आलो तर दारात पडलं होतं. पाकिटावरचं अक्षर ओळखू आलं नाही, कारण मी ते कधी पाहिलंच नव्हतं. मग मागं बघितलं तर पत्ता उचगावचा. मी उभ्याउभ्या वाचलं, मग बसून वाचलं.

अब्बा गेले तर. पाऊस लागलेला असताना, पॅसेंजरनं, नवा धोतरजोडा नेसून. तू लिहितेस, त्यांनी ओसरीवर बसून आधी पाणीसुद्धा घेतलं नाही, तुझ्या आईसमोरच बोलले. ‘पोरी, त्यो तिकडं गेला ते त्येचं त्येला. तू माझ्या घरची हाईस. सांजच्याला घरात दिवा लावाय कोन न्हाय. चल.’ तू विचारलंस, ‘कुठं? बहरीनला?’ तर म्हणाले, ‘त्यो रस्ता मला ठावं न्हाय. मला उचगावचा ठावं हाय.’ आणि तू ट्रंक उचललीस. सासरचं माणूस न्यायला आलं, तू सासरी गेलीस. रीतीप्रमाणं सगळं बिनचूक झालं. त्यात मी कुठं बोट ठेवणार?

आधी मी चिडलो. फळीवरचा ग्लास उचलून आपटला. मग तो मीच झाडून काढला, कारण दुसरं कोण काढणार. मग पुढचं वाचलं. केरबानं एकाच दिवशी दोन लग्नांच्या सुपाऱ्या घेतल्या, एक हुपरीची आणि एक गडहिंग्लजची, म्हणून आता सगळ्या सुपाऱ्या तूच लिहून घेतेस, आणि अब्बा गिऱ्हाइकाला सांगतात, ‘सूनबाईला इचारा, तारीख त्येंच्याकडं हाय.’ तिथं मला हसू आलं. लाल कोटांना तू नवी बटणं लावलीस. क्लॅरिनेटला सांगलीचा उसना माणूस आणतात आणि तो बेसूर आहे. अब्बा नुसती मान वळवतात. तिथं मी रडलो. तुला लिहायला लाज कसली.

शेवटी तू लिहिलंस, ‘तुळशीची लग्नं झाली की सीजन लागतोय. तवर तुमी येताय का न्हाय तेवढं कळवा. म्हंजे त्या सांगलीवाल्याला सांगाय बरं.’

सगळ्या पत्रात एवढीच ओळ माझ्यासाठी आहे आणि तिचं उत्तर माझ्याजवळ नाही. मी त्याच दिवशी मॅनेजरकडं गेलो. म्हणालो, खोली परत घ्या, करार फाडा, मला सोडा. त्यानं कागद काढून माझीच सही मला दाखवली. पासपोर्ट त्याच्या तिजोरीत आहे. तो वाईट बोलला नाही. विचारलं, बायको आली का. मी म्हणालो, आली. कुठं आहे, म्हणाला. मी म्हणालो, माझ्या घरी.

संध्याकाळी वेटर म्हणाला, आज ईद आहे, तुझी सुट्टी आहे, ये, खिडकीजवळचं टेबल रिकामं आहे. मॅनेजरही नव्हता. गेलो. पहिल्यांदा खुर्चीवर बसलो. त्यानं सवयीनं दोन ताटल्या मांडल्या, माझ्याकडं बघितलं आणि एक उचलून नेली. मेनिनोनं ओट्यावरून माझ्यासाठी एक गाणं लावलं. मी जेवत होतो. सुगरा, मला ते ऐकूच आलं नाही. नंतर मेनिनो विचारायला आला, कसं वाजलं. मी म्हणालो, छान.

अब्बांशी माझं बोलणं नाही, म्हणून तूच त्यांना सांग. बायकोला न्यायला सासरचं माणूस येतं. नवऱ्याला न्यायला कोण येतं, ते मला माहीत नाही. आपल्यात तशी रीत नाही. पण ते एकदा जाऊन आलेत, त्यांना जमतं. केरबाला हवं तर कोट घालून बरोबर आणावं. म्हणावं, इलाही मनाम्यात आहे, हॉटेलच्या मागं, खालच्या मजल्यावर. दोन खाटांच्या खोलीत एकटाच असतो. त्याला आपल्या पायानं येता येत नाही. त्याला न्यायला या.

इलाही